एक्क्यांची जोडी टाकावी की शेवटपर्यंत न्यावी?

एका वाचकाने लिमिट होल्डेमचे (पोकरचा प्रकार: प्रत्येकाच्या हाती दोन पानं, मध्ये पाच सामाईक पानं, आणि बेटची रक्कम ठरलेली) दोन डाव लिहून पाठवले आहेत. थोडक्यात असे:

टेबल नऊ जणांचं. पहिल्या डावात वाचकाच्या हाती इस्पिकचा आणि किल्वरचा एक्का. आधी दोघांनी नुसता कॉल केला होता (लागलेल्या बेटएवढेच पैसे घातले होते), वाचकाने रेज केली (बेट वाढवली). स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड म्हणजे पानं पाहण्याआधीच सक्तीची बेट घालणारे दोघे; त्यांतल्या स्मॉल ब्लाइंडने पानं टाकली, बिग ब्लाइंड आणि आधी कॉल केलेले दोघे आत आले. फ्लॉप (पहिली तीन सामाईक पानं): बदाम गुलाम, बदाम नव्वी, किल्वर चव्वी. सगळ्यांचा चेक (बेट न लावता पाळी पुढे), वाचकाची बेट, बिग ब्लाइंड बाहेर, बाकी दोघांचे कॉल. टर्नला (चौथं सामाईक पान) चौकट अठ्ठी. पुन्हा दोन चेक, वाचकाची बेट, आणि पहिल्या खेळाडूची चेक-रेज (आधी चेक, मग बेट लागल्यावर रेज). दुसरा बाहेर पडला. वाचकाने कॉल केला. रिव्हरला (पाचवं, शेवटचं पान) इस्पिक दुर्री, समोरून बेट, पुन्हा कॉल, आणि समोर उघडली राणी-दश्शी, टर्नलाच पुरा झालेला स्ट्रेट (ओळीने पाच पानं). शेजारी बसलेला मित्र म्हणाला, "चांगला खेळाडू एक्केसुद्धा टाकतो. टर्नलाच दिसत होतं."

पुढच्या बैठकीत राण्यांची जोडी होती आणि बोर्डवर (सामाईक पानांत) सगळी त्याहून लहान पानं. टर्नवर रेज आली आणि पॉट (मध्ये जमलेली रक्कम) जवळपास नऊ मोठ्या बेट्सचा झाला. या वेळी वाचकाने मित्राचं ऐकून पानं टाकली. समोरच्याने स्वतःहून पानं उलटून दाखवली. त्याच्याकडे बदामाची दोन पानं होती, फ्लश (एकाच रंगाची पाच पानं) व्हायला अजून एक बदाम हवं होतं. "आता कशावरच भरवसा राहिलेला नाही," असं वाचक लिहितात. "जोरदार पानं नेमकी कधी टाकायची?"

नमस्कार,

कोणी कधी चेक केला, कोण कधी बाहेर पडलं, हे सगळं तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. या विषयावरच्या बहुतेक प्रश्नांत फक्त शेवटची पानं सांगितलेली असतात. माझ्याकडे एक्के होते, त्याच्याकडे स्ट्रेट होता, माझं चुकलं का? पॉट किती होता हे कळल्याशिवाय त्याला उत्तरच देता येत नाही. तुमच्या डावात पॉट मोजता येतो, म्हणून आधी तोच मोजू.

लिमिटमध्ये पैसे मोजत बसू नका, बेट्स मोजा. प्रीफ्लॉप (फ्लॉपच्या आधी) आणि फ्लॉपवर बेट छोटी असते, टर्न आणि रिव्हरवर तिच्या दुप्पट. तुमच्या डावात प्रीफ्लॉप चौघांनी प्रत्येकी दोन छोट्या बेट्स घातल्या, म्हणजे ८. स्मॉल ब्लाइंडने सोडून दिलेली अर्धी धरली की साडेआठ. फ्लॉपवर तिघांची एकेक, साडेअकरा. टर्नचं पान पडलं की हा आकडा निम्मा करायचा, कारण इथून पुढे माप मोठ्या बेटचं आहे. म्हणजे ५.७५. त्यात तुमची एक आणि त्याच्या चेक-रेजच्या दोन मिळवल्या की ८.७५. (टेबल चालवणाऱ्याचा कट कापला जात असेल तर तेवढं वजा करा.) हिशेब बहुतेक वेळा बिघडतो तो दोन ठिकाणी. टर्नला निम्मं करायचं राहून जातं, किंवा बाहेर पडलेल्यांनी घातलेल्या बेट्स विसरल्या जातात. दुसरी चूक जास्त महागात पडते, कारण तिच्यामुळे पॉट खऱ्याहून लहान वाटतो आणि पानं टाकण्याकडे मन झुकतं.

टर्नवर तुमच्यापुढे खरं तर दोन बेट्सचा प्रश्न होता. आत्ता एक कॉल, आणि रिव्हरवर बहुधा आणखी एक. या दोन बेट्स घालून तुम्हाला मिळू शकत होत्या पॉटमधल्या ८.७५ आणि त्याची रिव्हरची एक, मिळून ९.७५. एकूण ११.७५ मधल्या तुमच्या २. म्हणजे शेवटपर्यंत जाण्यासाठी १७ टक्के वेळा जिंकणं पुरेसं होतं. रिव्हरवर तर प्रश्न आणखी सोपा होता. १०.७५ च्या पॉटसाठी एक बेट, ११.७५ मध्ये १. साडेआठ टक्के. बारा वेळांत एकदा तुमचे एक्के चांगले निघाले तर कॉल जवळपास भरून निघतो.

मग मित्राने "दिसत होतं" म्हटलं ते नेमकं काय? हेही मोजून पाहू. या बोर्डवर तुम्हाला हरवणारी पानं कोणती आणि ती किती प्रकारे येऊ शकतात? राणी-दश्शीच्या चार राण्या आणि चार दश्श्या, म्हणजे १६ जोडण्या. नव्व्या, अठ्ठ्या किंवा चव्व्यांची जोडी हातात धरून झालेला सेट (तीन सारखी पानं) प्रत्येकी ३ प्रकारे, मिळून ९. एकाच रंगाच्या गुलाम-नव्वी, गुलाम-अठ्ठी, नव्वी-अठ्ठी यांच्या दोन जोड्या ३, २ आणि २ प्रकारे, मिळून ७. एकूण ३२. गुलामांची जोडी असती तर त्याने प्रीफ्लॉपच रेज केली असती, म्हणून ती सोडली. दश्शी-सत्तीनेही स्ट्रेट होतो, पण सुरुवातीच्या जागेवरून ती खेळणारे थोडे.

आता तुम्ही हरवू शकता अशी पानं. राजा-गुलाम १२ प्रकारे येतात, राणी-गुलाम १२, गुलाम-दश्शी १२. यातल्या गुलाम-दश्शीला जोडीबरोबर दोन्ही टोकांनी उघडा स्ट्रेट ड्रॉ आहे (ड्रॉ म्हणजे एक पान आलं की पुरा होणारा हात). त्यावर चेक-रेज करणारे भरपूर भेटतात. बदामाची एक्का-दश्शी किंवा राजा-दश्शी असेल तर फ्लशचा ड्रॉ आणि स्ट्रेटचा ड्रॉ दोन्ही एकदम.

रिव्हरवर तुमचा कॉल बरोबर ठरायला ३२ च्या समोर अशा किती जोडण्या लागतात? फक्त तीन. ३५ मधल्या ३ म्हणजे ८.६ टक्के. म्हणजे हा खेळाडू राजा-गुलाम घेऊन चारांतल्या एका वेळी जरी असं खेळत असेल, आणि बाकी काही कधीच नाही, तरी कॉल बसतो. समोरचा कुठलीही दोन पानं घेऊन येणारा असेल तर दश्शी-सत्तीच्या १६ जोडण्या वाढवा. तरीही लागणारा आकडा तीनवरून पाचावरच जातो. टर्नवर अट थोडी कडक आहे. तिथे साधारण सातांत एकदा तुम्ही पुढे असायला हवं. तुम्ही पुढे असतानाही रिव्हर कधी कधी उलटते, आणि मागे असताना कधी कधी सावरते. त्याच्या दोन जोड्या असतील तर न दिसलेल्या ४४ पानांपैकी ८ तुमच्या कामाची आहेत, दोन एक्के आणि त्याच्याशी न जुळलेल्या दोन बोर्डवरच्या पानांची प्रत्येकी तीन. सेट असेल तर फक्त दोन. स्ट्रेट असेल तर एकही नाही.

म्हणून माझं उत्तर स्पष्ट आहे. तुमचे दोन्ही कॉल बरोबर होते. समोरचा माणूस टर्नवर एका जोडीने किंवा ड्रॉवर कधीच रेज करत नाही, हे तुम्ही त्याला बराच काळ पाहून ठरवलं असेल, तरच टर्नवरचा फोल्ड (पानं टाकणं) समर्थनीय होता. अठ्ठी हे पान वाईटच होतं, हे मित्राने नीट हेरलं. तुम्हीही हेरलंत. म्हणूनच तुम्ही पुन्हा रेज न करता कॉलवर थांबलात. ती वाचवलेली बेट कुणाच्या नजरेत भरली नाही, पण तुमच्या खेळातली सगळ्यात चांगली गोष्ट तीच होती.

आता त्या सल्ल्याकडे वळू, कारण तो ऐकायला फार आकर्षक आहे. चांगला खेळाडू एक्केसुद्धा टाकतो, हे वाक्य नो-लिमिटमधून (जिथे बेटला मर्यादा नसते) आलं आहे आणि तिथे ते खरं आहे. तिथे समोरचा पॉटएवढी बेट लावू शकतो. मग तुम्हाला ३३ टक्के वेळा जिंकावं लागतं, आणि पुढच्या फेरीत समोरचे सगळे पैसे पणाला लागण्याचा धोका वेगळाच. लिमिटमध्ये समोरचा कितीही खात्रीत असला तरी एका वेळी एकच बेट वाढवू शकतो. तुमच्या डावात ३३ च्या जागी साडेआठ टक्के पुरत होते. दोन्ही खेळांत पाच पानं तीच असली तरी पानं टाकण्याचा उंबरठा चौपट लांब आहे. नो-लिमिटचे डाव पाहून लिमिट शिकलेल्या माणसाला जोरदार पानं टाकणं हे कौशल्य वाटतं. लिमिटमध्ये बहुतेक वेळा त्याचं नुकसानच होतं.

नुकसान किती होतं तेही पाहा. रिव्हरवर चुकीचा कॉल केला तर एक बेट जाते. चुकीचा फोल्ड केला तर १०.७५ जातात. दहा वेळा बरोबर फोल्ड करून दहा बेट्स वाचवल्या आणि अकराव्या वेळी चुकलात, की सगळी बचत जाऊन वर पाऊण बेट तोटा. प्रत्यक्ष (ऑनलाइन नसलेल्या) टेबलावर तासाला एक मोठी बेट ही चांगल्या खेळाडूची कमाई मानली जाते. त्या मापाने असा एक चुकीचा फोल्ड म्हणजे दहा तासांचा खेळ. आणि हा तोटा दिसतही नाही, कारण टाकलेल्या पानांचा निकाल सहसा कळत नाही. तुमच्या दुसऱ्या डावात तो कळला, एवढंच.

याला आणखी एक बाजू आहे. तुम्ही रिव्हरवर किती वेळा टाकता यावर समोरच्याचा ब्लफ (कमजोर पानांवर लावलेली बेट) फायद्याचा की तोट्याचा हे ठरतं. पॉट ९.७५ असताना तो एक बेट लावतो. तुम्ही ९.३ टक्क्यांहून जास्त वेळा पानं टाकलीत तर त्याला कुठल्याही दोन पानांवर फायदा. म्हणजे एवढ्या पॉटमध्ये रिव्हरपर्यंत नेलेल्या तुमच्या पानांपैकी नव्वद टक्क्यांनी कॉल करायला हवा. त्या पानांत एक्क्यांची जोडी कुठे बसते? वरच्या टोकाला. तिला टाकायचं तर तिच्याखालचं सगळंच टाकावं लागेल. (दोघांमधलं लिमिट होल्डेम २०१५ मध्ये अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी सेफियस या प्रोग्रॅमने व्यवहारात जवळपास पूर्णपणे सोडवलं. नऊ जणांच्या टेबलाला ती उत्तरं जशीच्या तशी लागू होत नाहीत, पण रिव्हरवर किती टाकायचं याचा हा हिशेब दोन्हीकडे चालतो.) जे खेळाडू कधीच ब्लफ करत नाहीत त्यांच्यापुढे तुम्ही जास्त टाकू शकता, आणि टाकायलाच हवं. पण ती सूट त्या माणसामुळे मिळते. ती सगळ्यांना लावू नका.

तर मग जोरदार पानं टाकायची कधी? अशा वेळा आहेत, आणि त्या ओळखता येतात.

पहिली पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे मागे पडलात तर सावरायला किती पानं उरतात. जोरदार पानांमध्ये फरक पडतो तो इथेच. समजा बोर्डवर टर्नला अठ्ठी-नव्वी-दश्शी-गुलाम आहेत आणि तुमच्याकडे नव्व्यांचा सेट. समोर राणी किंवा सत्ती असण्याची दाट शक्यता आहे, स्ट्रेट जवळपास गृहीत धरावा लागतो. तरीही न दिसलेल्या ४६ पानांपैकी १० पानांनी तुमचं फुल हाउस (तीन सारखी आणि दोन सारखी पानं) किंवा चौकडी होते. पॉट चार मोठ्या बेट्सचा असला तरी एक कॉल आरामात बसतो. हाच बोर्ड आणि हातात एक्के असतील तर गोष्ट उलटी. एक्का पडला तरी स्ट्रेटपुढे तीन एक्के हरतातच. इथे एका खेळाडूने बेट लावली आणि दुसऱ्याने तुमच्या आधी रेज केली, तर एक्के टाका. जिवावर येईल, पण टाका. जोडी कितीही मोठी असली तरी ती जोडीच, आणि मागे पडल्यावर तिला सावरायला बहुधा दोनच पानं असतात.

दुसरं, तुमच्यासमोर किती जण आहेत आणि कितींनी आधीच जोर दाखवला आहे. एका माणसाची रेज ब्लफ असू शकते. बेट लावणाऱ्याच्या अंगावर, आणखी एक खेळाडू मागे शिल्लक असताना, कोणी रेज केली तर ती ब्लफ असणं फार दुर्मीळ. शिवाय तिथे तुम्हाला एकदम दोन बेट्स घालाव्या लागतात, आणि पहिला खेळाडू पुन्हा रेज करून तिसरी मागू शकतो. बऱ्याच टेबलांवर एका फेरीत एक बेट आणि तीन रेज एवढी मर्यादा असते. म्हणजे टर्नची एकटी फेरी चार मोठ्या बेट्सपर्यंत जाऊ शकते. तुमच्या कॉलने फेरी संपत नसेल तर पॉट ऑड्स (पॉटच्या मानाने कॉलची किंमत) जेवढे दिसतात तेवढे चांगले नसतात, हे धरून चाला. रिव्हरवर बोर्डवर चार बदामं, तुमचे एक्के काळे, आणि समोर बेट व रेज. इथे पॉट पंधरा बेट्सचा असला तरी फोल्ड. दोघांकडे अगदी डोळे मिटून वाटलेली पानं असती तरी त्यांच्यापैकी निदान एकाकडे बदाम असण्याची शक्यता ६० टक्के आहे. बेट आणि रेज झाल्यावर ती कुठे जाईल याचा विचार करा.

तिसरं, पॉट लहान असेल तर. तुम्ही बिग ब्लाइंडवर राजा-पंजी घेऊन फुकट फ्लॉप पाहिलात, तिघेच आत आहेत, पॉट तीन छोट्या बेट्सचा. राजा लागला. तुमच्या बेटला एकाने कॉल केला. टर्नला पॉट अडीच मोठ्या बेट्सचा, तुमची बेट, त्याची रेज. आता शेवटपर्यंत जायला दोन घालून साडेसहा मिळतात. साडेआठ मधल्या २, म्हणजे साडेतेवीस टक्के. एक्क्यांच्या डावात १७ लागत होते. पानं कमजोर आणि अट कडक. इथे किकरही (जोडीसोबतचं दुसरं पान) तुमच्या बाजूने नाही. समोर राजा असला तर तो पंजीपेक्षा मोठ्या पानाबरोबर असण्याचीच शक्यता जास्त. राजांची जोडी दिसायला मोठी असते म्हणून लोक इथे दोन बेट्स घालतात आणि मग मोठ्या पॉटमध्ये एक बेट वाचवायला धडपडतात. नेमकं उलटं करायला हवं.

चौथी वेळ रिव्हरवरच्या रेजची. शांत खेळाडू आहे. फ्लॉप कॉल, टर्न कॉल. रिव्हरला ड्रॉ पुरा करणारं पान पडतं, तुम्ही बेट लावता आणि तो रेज करतो. रिव्हरआधी पॉट सहाचा असेल तर आता नऊ झाला, कॉलला दहा टक्के लागतात. आक्रमक खेळाडूपुढे कॉल करा. पण ज्याने कधी ब्लफवर रेज केलेली नाही त्याच्याकडे इथे दहात एकदाही एका जोडीच्या खालचं काही नसतं. एका जोडीवर फोल्ड, दोन जोड्यांवर बहुधा कॉल, सेटवर नेहमी कॉल. मुळात असं पान पडल्यावर शांत माणसाच्या अंगावर बेट लावण्याऐवजी चेक केला असता तर हा प्रश्नच आला नसता.

फ्लॉपवरच्या रेजला मात्र फार महत्त्व देऊ नका. तिथली बेट छोटी असते, म्हणून ड्रॉ असलेले लोक टर्नचं पान फुकट पाहता यावं यासाठी फ्लॉपवर रेज करतात. जोरदार पानं फ्लॉपवर टाकण्याची वेळ क्वचितच येते. खरी माहिती टर्नवर मिळते, कारण तिथे रेज करायला दुप्पट किंमत पडते.

आणि फोल्ड करायचाच असेल तर तो टर्नवर करा. टर्नला कॉल, आणि रिव्हरला काहीच न बदलवणारं पान पडल्यावर फोल्ड, हा तुमच्या डावातल्या एक्क्यांसारख्या पानांचा सगळ्यात वाईट मार्ग आहे. पहिली बेट तुम्ही समोरचा काय करतो ते पाहायला घातलीत, त्याने अपेक्षित तेच केलं, आणि पॉट आणखी मोठा झालेला असताना तुम्ही सोडून दिलात. टर्नवर कॉल करताना स्वतःला आधीच सांगा की रिव्हरला तिसरं बदाम, राणी, दश्शी किंवा सत्ती आली नाही तर मी कॉल करणार. मग शेवटच्या क्षणी भीती निर्णय घेत नाही.

दुसऱ्या डावाबद्दल. पॉट नऊचा, शेवटपर्यंत जायला दोन घालून दहा मिळायच्या, म्हणजे जवळपास १७ टक्के. एक्क्यांच्या डावातलीच अट. त्याच्या फ्लशला रिव्हरवर ४४ पैकी ९ पानं लागत होती, म्हणजे तुमच्या राण्या साधारण ८० टक्के पुढे होत्या. पण तुमचा फोल्ड चुकीचा ठरतो तो त्याने पानं दाखवली म्हणून नाही. तुम्ही लिहिता की पहिल्या डावाची बोच मनात होती आणि मित्राचं ऐकून टाकली. पॉट किती, समोरचा कोण, त्याच्याकडे आणखी काय असू शकतं, यातलं काहीच त्या क्षणी विचारलं गेलं नाही. त्याच्याकडे सेट निघाला असता तरी तो निर्णय तितकाच कच्चा होता. त्याने पानं दाखवून मात्र तुम्हाला एक गोष्ट फुकट दिली. हा माणूस टर्नवर ड्रॉ घेऊन रेज करतो. ती लिहून ठेवा. त्याच्यापुढे पुढच्या वेळी ओव्हरपेअरवर (बोर्डवरच्या सगळ्या पानांहून मोठी जोडी) कॉल तर कराच, ड्रॉ शक्य असलेल्या बोर्डवर पुन्हा रेज करायलाही हरकत नाही, म्हणजे ड्रॉची किंमत त्याला पुरी मोजावी लागेल. पण त्याचा राग सगळ्या टेबलावर काढून प्रत्येक रेजला कॉल करू नका.

सवय लावायची तर अशी लावा. शोडाऊन (शेवटी पानं उघडणं) झाला की टर्न किंवा रिव्हरवर रेज करणाऱ्याने काय दाखवलं ते तीन शब्दांत टिपा. "टर्न चेक-रेज, टॉप पेअर." "रिव्हर रेज, फ्लश." काही बैठकांत प्रत्येक नेहमीच्या खेळाडूसमोर चार-पाच नोंदी जमतात आणि "हा असं कधीच करत नाही" हे तुम्ही अंदाजाने म्हणत नाही. स्वतःच्या निर्णयांसाठी वेगळी नोंद ठेवा. पॉट किती मोठ्या बेट्सचा होता, कॉलला किती टक्के लागत होते, आणि पानं उघडण्याआधी तुम्हाला किती वाटत होते. निकाल शेवटी लिहा, आणि निकालावरून आधीचा आकडा बदलू नका.

इथे धीर लागतो. दहा टक्के वेळा जिंकणारा कॉल अगदी बरोबर असूनही ओळीने वीस वेळा हरण्याची शक्यता १२ टक्के आहे. वीस वेळा समोर स्ट्रेट आणि सेट पाहिल्यावर कुणालाही वाटेल की आपण मूर्खासारखे पैसे घालतो आहोत. या टप्प्यावर अनेक चांगले खेळाडू आपला खेळ मोडतात. मोठ्या पॉटमधले बरोबर कॉल बहुतेक वेळा हरतातच, त्यांचा हिशेब तसाच मांडलेला असतो.

एक गोष्ट पत्रात तुम्ही ओझरती लिहिली आहे, की त्या रात्रीनंतर दोन बेट्स घालताना हात अडखळतो. मोठी बेट जर तुम्हाला इतकी मोठी वाटत असेल तर निम्म्या बेट्सच्या टेबलावर बसा. जिथे एक कॉल खिशाला जाणवतो तिथे ८.७५ मधल्या एकीचा हिशेब कितीही पाठ असला तरी निर्णय भीतीच घेईल, आणि लिमिटमध्ये घाबरलेला खेळाडू एक-एक बेट वाचवत मोठे पॉट देत बसतो. तसंच, जे पैसे घरासाठी बाजूला ठेवायचे आहेत त्यांतून खेळत असाल तर टेबल बदलून भागणार नाही, काही काळ खेळ थांबवा.

पुढच्या बैठकीला पहिल्या तासात फक्त एकच काम करा. तुम्ही डावात नसतानाही प्रत्येक डावाचा पॉट मनात मोजा, टर्नला निम्मा करा, आणि रिव्हरच्या बेटनंतर कॉलला किती टक्के लागतात ते सांगून पाहा. पॉट पाचचा असेल आणि बेट लागली तर सातात एक, नऊचा असेल तर अकरात एक. हा आकडा न अडखळता येऊ लागला, की मित्राला पुढच्या वेळी "दिसत होतं" म्हणू द्या आणि त्याला विचारा, किती टक्के?